नानांनी हात ठेवलेला माणूस

नानांनी कुणाला 'कोण?' असं विचारलेलं महाळुंगे पडवळमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. ते घरापुढच्या ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसत. मागून कुणी गेलं की मान न वळवता नाव घेऊन बोलत, "काय रं संपत, चप्पल नवी घेतली वाटतं." संपत थबकायचा, चपलेकडे बघायचा आणि पुढे जायचा. करोनाच्या काळात गावानं तोंडाला फडकी बांधली तेव्हा सासऱ्यानं जावयाला ओळखलं नाही, दुकानदारानं उधारीच्या गिऱ्हाइकाला ओळखलं नाही. नाना एकदाही चुकले नाहीत. "तोंड काय बगायचं," ते म्हणायचे. "तोंड खोटं बोलतं. पाय न्हाई बोलत."

ही विद्या घरातली होती. वडील मेंढरं राखायचे. नानांचं बालपण कळपामागं गेलं. धाकट्या भावाकडे अजूनही मेंढरांचा वाडा आहे. आपल्याकडची मेंढरं बहुतेक काळी. बाहेरच्या माणसाला शंभरातली दोन वेगळी काढता येत नाहीत. नानांना प्रत्येकीची आई ठाऊक असायची. मी एकदा सहज म्हणालो, "नाना, मला तर सगळी सारखीच दिसतात." त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "सारकं काय बी नसतं, भाऊ. बगणारा आळशी असतो."

दोन कळप मिसळले की नानांच्या वडिलांना बोलवत, पुढे नानांना. चुकलेलं जनावर कुणी कोंडवाड्यात घातलं असेल तर तिथंही हीच रीत. मालकानं दारातून आत जायचं, गर्दीतून आपलं जनावर काढायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "ह्यो आमचा." बाकीचे बाहेर उभे. हात पडला की वाद मिटला, जनावर सुटलं. त्यांचे वडील म्हणायचे, वळख पटली की सुटका. नानाही ते वाक्य येता-जाता वापरत. बसमध्ये जागा मिळाली तरी, तहसिलीत ओळखीचा शिपाई भेटला तरी.

असा माणूस समुद्रावर कसा गेला, याची हकिकत साधी आहे. गावातला एक जण मुंबईच्या बंदरात कामाला होता. त्यानं नेलं. मालवाहू बोटीच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्यापासून सुरुवात झाली आणि पुढं नाना भंडारी झाले. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. करार संपला की गावी यायचे, काही महिने राहायचे, परत जायचे. गावाला ते बोटीवरचे नाना. जगातली निम्मी बंदरं त्यांनी पाहिली होती, पण वर्णन करायला सांगितलं की पंचाईत व्हायची. "आफ्रिकेत काय पाहिलं, नाना?" "मेंढरं." "आणि अरबस्तानात?" "तितं बी तीच. आफ्रिकेतनंच नेत्यात बोटीनं. अंग पांढरं, मुंडकं काळं. जनू कुनी मानंपातूर डांबरात बुडीवलंय."

शेवटच्या फेरीत त्यांची बोट सोमालियाच्या किनाऱ्याजवळ चाच्यांनी ताब्यात घेतली. मी तेव्हा एका दैनिकासाठी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या बातम्या पाठवत होतो. पुढचा तपशील नानांनी मला नंतर अनेक बैठकांत सांगितला. त्यातला फार थोडा छापून आला.

खंडणीची बोलणी चालू होती आणि बोट किनाऱ्याच्या नजरेत नांगरून ठेवली होती. कप्तानाला वरच्या खोलीत कोंडलं होतं, खलाशांना खाली. नानांना तेवढं मोकळं ठेवलं होतं, कारण सगळ्यांना जेवायला लागायचं. जेवणाला शेळ्या लागायच्या. त्या किनाऱ्यावरून लहान होडीतून यायच्या, त्यांच्याबरोबर एक माणूस यायचा. चाळिशीचा, उंच, डाव्या पायात अधू. चालताना डावी टाच जमिनीला टेकत नसे. तो शेळ्या वर चढवायचा, बांधायचा, नानांबरोबर कापायचा, सोलायचा. जास्तीच्या माणसाची गरज पडली की त्याच्याही खांद्याला बंदूक अडकवून त्याला पहाऱ्यावर उभा करत.

नाना त्याला पावणा म्हणायचे. "खरं तर पावणा मीच," ते सांगायचे. "पन हाक मारायला काय तरी लागतं की." दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पहिल्या दिवशी एक शेळी दाव्याला हिसडे देत होती. दोघांनी एकाच वेळी जिभेनं टाळूवर तोच आवाज काढला. शेळी थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तवाच कळलं," नाना म्हणाले, "ह्यो आमच्यातला हाय."

पावण्याविषयी त्यांच्याकडे एकच लांबलचक गोष्ट होती आणि ते ती हसत सांगत. शेळी सोलताना खांद्यावरची बंदूक आडवी यायची. पावणा ती काढून नानांच्या हातात द्यायचा. कैद्याच्या हातात बंदूक आणि पहारेकरी वाकून आतडी काढतोय. "मला चालवता येत न्हाई आन् त्याला बी फारशी येत नसावी. मी आपली धरून उभा. काम झालं की धुतलेल्या हातानं परत घ्यायचा. शिस्तीचा माणूस!" बाकीच्यांनी खलाशांना मारलं होतं. एका खलाशाचा हात मोडला होता. पावण्यानं कुणाला बोट लावलं नाही. खाली कोंडलेल्यांचं पाणी बंद केलं होतं, तेव्हा त्यानं शेळ्यांच्या पाण्याचा डबा नानांपुढं सरकवला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

भारतीय नौदलानं बोट सोडवली तेव्हा बोटीवरचे बंदूकधारी जागेवरच पकडले गेले. जवळच एक होडी सापडली. तिच्यात काही माणसं, जाळी आणि दोन शेळ्या होत्या. हत्यार नव्हतं. आम्ही कोळी आहोत, असं त्या माणसांनी सांगितलं. पावणा त्या होडीत होता. सगळ्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. खटला इथंच चालणार होता.

गावानं नानांचा सत्कार केला. फलक लागला, फेटा बांधला, पुढाऱ्यांची भाषणं झाली. नानांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, बराच वेळ माईककडे बघत राहिले आणि म्हणाले, "शेळ्या मातर चांगल्या व्हत्या." गाव हसून लोटपोट झालं. नाना हसले नाहीत. त्यांनी माहिती दिली होती.

त्यानंतर ओळख परेडसाठी बोलावणं आलं. इतर खलाशी वेगवेगळ्या देशांचे. ते सुटले तसे आपापल्या घरी आणि तिथून पुढच्या बोटींवर गेले होते. हाताशी राहिले कप्तान आणि नाना. कप्तानानं खोलीबाहेरचं काही पाहिलं नव्हतं. तुरुंगात एका खोलीत माणसांची रांग उभी केली होती. अधिकाऱ्यानं नानांना सांगितलं, "यातलं कोण बोटीवर होतं, ते ओळखा. ओळखलं त्याच्या खांद्यावर हात ठेवा."

नानांनी खोलीकडे पाहिलं. एक दार, आत गर्दी, बाहेर माणसं उभी. ते सरळ पावण्याकडे गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो आमचा."

पावण्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला. मग नानांनी मारहाण करणाऱ्यांपैकी काही जण ओळखले. ते काम त्यांनी नाइलाजानं केलं, लांबून हात लावून. होडीतले बाकीचे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यांना हात लावला नाही. बाहेर पडताना त्यांनी फाटकावरच्या शिपायाला विचारलं, "त्या पयल्याला कवा सोडत्यात?"

"कुठल्या पहिल्याला?"

"ज्याच्या खांद्यावर मी हात ठिवला."

शिपाई हसला. "काका, आता त्याला कोण सोडतंय? तुम्हीच तर पकडून दिलात."

हे नानांनी मला सांगितलं ते घोडेगावच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या पायरीवर. दुकानदार शेठ मूळ राजस्थानचे जैन. त्यांच्या तीन पिढ्या घोडेगावातच वाढल्या. नानांशी त्यांची जुनी मैत्री. आम्ही तिघे होतो. शेठांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली पुडी बांधत म्हणाले, "नाना, तुम्ही जग फिरलात, पण कोर्ट नाही पाहिलं. तिथं चांगला-वाईट असा कप्पा नसतो. होता की नव्हता, एवढंच."

"मी सांगनार की. पानी दिलं, हात उचलला न्हाई."

"त्यासाठी आधी तो बोटीवर होता, हे सांगावं लागेल. तिथंच तो अडकला. होडीत जाळी सापडली, हत्यार नाही. तुमचा हात सोडला तर त्याच्यावर काय आहे?"

नाना बाजारातल्या येणाऱ्या-जाणाऱ्या पायांकडे बघत राहिले.

"साक्षीच्या दिवशी एकच म्हणा," शेठ म्हणाले. "आठवत नाही. मी जन्मात कुणाला खोटं बोला म्हणून सांगितलं नाही, नाना. पण हे खोटं नाही. ही भूतदया आहे."

"मला आठवत न्हाई?" नाना म्हणाले. "शेठ, कोन इश्वास ठेवंल?"

"मुंबईत तुम्हाला कोण ओळखतं?"

समन्स आलं तेव्हा मी नानांबरोबर गेलो. आळेफाट्यावरून कल्याणची एसटी धरली. माळशेज उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. घाट संपल्यावर म्हणाले, "ठरलंय. वळखायचंच न्हाई." थोड्या वेळानं परत म्हणाले, "आवगड हाय राव. डोळं मिटता येत्यात. वळख कशी मिटायची?"

न्यायालयात आरोपी एका बाजूच्या बाकांवर ओळीनं बसले होते. पावणा तिसरा होता. मी त्याला प्रथमच पाहत होतो. तो वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. दुभाषा त्यांच्याजवळ उभा राहून हलक्या आवाजात भाषांतर करत होता. नाना पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी त्या बाजूला सोडून सगळीकडे पाहिलं.

सरकारी वकिलांनी बोटीवरचा प्रसंग विचारला. नानांनी सांगितला. शेळ्या घेऊन येणारा माणूस होता का? होता. त्याच्याकडे बंदूक असायची का? कदी-मदी. पण शेळी सोलताना, असं नाना पुढं सांगू लागले, तेव्हा विचारलं तेवढंच सांगा, अशी सूचना झाली. मग प्रश्न आला. तो माणूस आज इथं आहे का?

"लई दिस झालं साहेब," नाना म्हणाले. "आता नदर बी आधू झाली."

"ओळख परेडमध्ये तुम्ही एकाच्या खांद्यावर सर्वांत आधी हात ठेवला होता."

"ठिवला आसंल. कुनाच्या, ते ध्यानात न्हाई."

सरकारी वकिलांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. नाना त्याच उत्तरावर राहिले. त्यांचा आवाज सपाट होता. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते ठार बहिऱ्यासारखे दिसत होते. दुभाषा बोलत होता आणि पावणा खाली मान घालून ऐकत होता. सरकारी वकील बसले तेव्हा मला वाटलं, जमलं. शेठांचं गणित बरोबर निघालं.

उलटतपासणीला बचाव पक्षाच्या वकील बाई उठल्या. सरकारी मदत योजनेतून नेमलेल्या, तरुण, तयारीच्या. होडीतल्या सगळ्यांच्या बाजूनं त्या लढत होत्या. त्यांचा प्रश्न योग्य होता. त्यांच्या जागी कुणीही अनुभवी वकिलानं तोच विचारला असता. परेडमधला तो हात अजून कागदावर होता आणि तो त्यांना पुसायचा होता.

"नाना, तुम्ही त्या खोलीत गेलात. सगळे उंच, सगळे काळे, सगळे परके. घाबरला होतात. खरं सांगा, आपल्याला ही माणसं सारखीच दिसतात ना?"

नानांनी पिंजऱ्याचा कठडा धरला.

"म्हणजे तुम्ही कुणाच्याही खांद्यावर हात ठेवला असता. बरोबर? एकाला बघून दुसरा वाटला. सगळी सारखीच."

दुभाष्यानं हे वाक्य पलीकडे पोचवलं. पावण्यानं मान वर केली. त्यानं नानांकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा नानांनी त्याच्याकडे पाहिलं.

"सारकी कशी असतील?" नाना म्हणाले.

"तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा."

"बाई, माणसं हायेत ती. सारकी कशी असतील? मेंढरं बी सारकी नसत्यात." आवाज चढला होता. "त्यो तिसरा. डावी टाच टेकत न्हाई त्याची. उजव्या हाताच्या आंगठ्याला सुरीचा वण हाय, माज्यासमोर कापलेलं. पानी त्यानंच दिलं. मी त्याला हजारात वळखीन."

वकील बाईंनी हातातले कागद मिटले. मग म्हणाल्या, "आणखी प्रश्न नाहीत." सरकारी वकिलांनी पुन्हा उठायची तसदी घेतली नाही. न्यायाधीशांनी टंकलेखकाला मजकूर सांगितला. साक्षीदारानं आरोपीला न्यायालयात ओळखले. वण आणि टाच तपासून पाहिली. दोन्ही खरं निघालं.

दुपारी आरोपींना परत नेताना ते बाहेरच्या व्हरांड्यातून आमच्या जवळून गेले. नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. पावणा जवळ आल्यावर त्यानं जिभेनं टाळूवर आवाज काढला, शेळीला थांबवतात तसा. पोलिसानं त्याला पुढं ढकललं. नानांनी वळून पाहिलं नाही. टाचेचा तो अर्धवट आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. तो थांबल्यावर ते उठले.

परतीच्या एसटीत शेवटी त्यांनी विचारलं, "हाक मारली त्यानं. शिवी व्हती का बोलावणं, तुला काय वाटलं?"

निकाल मी बातमी म्हणून दिला. बोटीवर सापडलेल्या सगळ्यांना शिक्षा झाली. होडीतल्या बाकीच्यांना संशयाचा फायदा मिळाला. त्यांना मायदेशी पाठवण्याचे आदेश निघाले. होडीतला एकच माणूस दोषी ठरला, कारण त्याच्याविषयी संशय उरला नव्हता. मारणाऱ्याला जी शिक्षा, तीच पाणी देणाऱ्याला. निकालपत्रात नानांच्या साक्षीबद्दल चांगले शब्द आहेत. साक्षीदार खेडूत असला तरी त्याचं निरीक्षण सूक्ष्म आणि साक्ष विश्वासार्ह आहे, अशा अर्थाचे. मी ते नानांना वाचून दाखवले नाहीत.

अपील दाखल झालं आहे. ते सुनावणीला कधी येईल, हे वकील बाईंना सांगता येत नाही. आलं तरी नानांचीच साक्ष पुन्हा वाचली जाईल, एवढं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

नाना तुरुंगावर भेटायला गेले होते. पहिल्यांदा त्यांना विचारलं, "नात्यात कोण?" ते म्हणाले, "कुनी न्हाई." "मग ओळख कशी?" "साक्षीदार हाय त्याचा." फाटकावरच्या माणसाला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. दुसऱ्यांदा गेले तेव्हा डब्यात मटण नेलं होतं. डबा आत गेला नाही. कल्याणपर्यंत परत आणला आणि तिथं बसस्थानकावर एका कुत्र्यापुढं ओतला. बोटीवर ते पुन्हा गेले नाहीत.

नंतर गावाच्या एक गोष्ट लक्षात आली. नाना आता रस्त्याकडे तोंड करून बसत होते. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक नव्हती. कुणी राम राम केला तर विचारायचे, "कोन?" लोकांना वाटलं, डोळे गेले. काहींना वाटलं, डोकं गेलं. भावानं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरला काही सापडलं नाही.

मागच्या सुगीत भावाचा वाडा आळे गावाच्या बाजूला एका शेतात खतासाठी बसवला होता. तिथं दुसऱ्याचा कळप मिसळला. दोन मेंढ्यांवरून वाद पेटला. हातघाईवर आलं तेव्हा दोन्ही बाजूंनी मान्य केलं, नानांना आणा. गाडीत घालून आणलं. भाऊ म्हणाला, "दादा, हात ठिव आन् मिटीव." नाना कळपापुढं उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधले होते.

"मला न्हाई वळखू येत," ते म्हणाले.

"आरं, तुझ्या हातची वाढलेली हाय ती!"

"सगळी सारकीच दिसत्यात."

वादातली एक मेंढी तोवर गर्दीतून बाहेर आली होती. तिनं नानांच्या गुडघ्याला डोकं घासलं. समोरच्या माणसानं ते पाहिलं आणि वाद सोडून दिला. नाना मात्र दोन पावलं मागं सरकले. मेंढी पुन्हा जवळ आली. ते वळले आणि गाडीत जाऊन बसले.

माझी बदली पुण्याला झाली. निघण्याआधी मी नानांकडे गेलो. ओट्यावर समोरासमोर बसलो. इतक्या वर्षांची ये-जा, एसटीचा तो प्रवास, तरी त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "कोन पावणं?"

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. पेपरचं सांगितलं.

"आसंल," ते म्हणाले.

चहा आला. मी अपिलाचं काही कळलं नाही, एवढं सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला, कप पालथा घातला आणि रस्त्याकडे बघत राहिले. मी उठलो, पाया पडलो, पायऱ्या उतरून रस्त्याला लागलो. दहा-वीस पावलं गेलो असेन.

"भाऊ," मागून आवाज आला. "आईच्या डोळ्याचं आपरेशन झालं का?"

मी वळलो. नाना रस्त्याकडे पाठ करून बसले होते.

"झालं," मी म्हणालो. "आता दिसतं तिला."

त्यांनी मान हलवली. नाव घेतलं नाही.